चेंडू सुटल्याशिवाय सुटायचं नाही

पोळपाट म्हणजे होम, बॅटवालीची जागा. स्टीलच्या डब्यांची तीन झाकणं म्हणजे तीन बेस. मधे आडवं लाटणं, तिथं पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, उभी. चेंडू म्हणून लिंबू आणि पळणारी मुलगी म्हणून काड्यापेटी. परभणीच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या फरशीवर, धाकटीनं एका रविवारी सकाळी हे सॉफ्टबॉलचं मैदान मांडलं तेव्हा तिची आई कणीक मळून पोळपाटाची वाट बघत होती. "एकच पोळपाट आहे घरात, तेबी खेळायला घ्या आता," एवढं बोलून ती मेथी निवडायला बसली. माझी माय दाराशी बसून वाती वळत होती. आणि मी, पन्नाशीला आलेला माणूस, मांडी घालून विद्यार्थी.

कारण आदल्या दिवशी मी चारचौघांत माती खाल्ली होती.

शाळांच्या सॉफ्टबॉल स्पर्धेतली मॅच. शेवटची इनिंग. आमच्या पोरी एका रननं मागं, दोन आऊट झालेल्या, आणि धाकटी तिसऱ्या बेसवर. बॅट घेऊन उभ्या असलेल्या पोरीनं चेंडू असा हाणला की तो दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपच्या बाजूनं सरळ मागच्या गवतात. धाकटी धावत होमवर आली, म्हणजे रन. बरोबरी! आमच्या बाजूच्या आयाबापांनी टाळ्या पिटल्या, मी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मग दिसलं की मैदानातला पंच केव्हाचा हात वर करून उभा आहे. "डेड बॉल", म्हणजे खेळ थांबला, असं तो ओरडलाही होता म्हणे, पण आमच्या गलक्यात ते कुणाच्या कानावर पडलं नव्हतं. रनर आऊट. तिसरा आऊट. मॅच खलास. त्या पोरीचा तो देखणा फटकासुद्धा हिशेबात नाही, कारण तो पिच, म्हणजे पिचरनं टाकलेला तो चेंडूच, मुळी धरला गेला नाही.

मी दोरी ओलांडून आत गेलो. काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. "पोरीला कुणी हात तरी लावला का? मग आऊट कसली?" असा साधारण मजकूर. आवाज मात्र स्टँडवर 'परळी, परळी, अंबाजोगाई' पुकारायचा. पंच माझ्या पुतण्याच्या वयाचा पोरगा. तो शांतपणे म्हणाला, "काका, तिनं बेस आधी सोडला." मी म्हणालो, "चोरीच करायची असते ना या खेळात? मग काय तुम्हाला विचारून सोडणार?" लोक हसले. मला वाटलं, माझ्या बाजूनं हसले.

मोटारसायकलवर धाकटी मागं बसली होती. वसमत रोडला लागेपर्यंत एक शब्द नाही. मग सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्या कानाशी म्हणाली, "पप्पा, मी खरंच आधी सुटले होते."

हे वाक्य मी त्या पंचाच्या तोंडून दहा वेळा ऐकलं असतं तरी मला लागलं नसतं.

तर ती शिकवणी. "ही फरशी फूटभराची आहे ना? एक फरशी म्हणजे दहा फूट धरा," ती झाकणं सरकवत म्हणाली. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत ६० फूट, म्हणजे सहा फरश्या. पिचरपासून होमपर्यंत मुलींना ४३ फूट, पुरुषांना ४६. चार फरश्या आणि वर चार बोटं. आणि होमपासून दुसऱ्या बेसपर्यंत, जिथं कॅचरला, म्हणजे होममागं चेंडू धरणारीला, चेंडू फेकायचा असतो, तिथं कर्णानं जवळजवळ ८५ फूट. "हे कुठं लिहिलंय?" मी विचारलं. "पायथागोरस, पप्पा. दहावीला आहे मी." तिची आई मेथीतून मान वर न करता म्हणाली, "हे बरं ध्यानात राहतंय."

आता चोरी. बॅटवाल्या पोरीनं चेंडू मारलेला नाही, पिच कॅचरकडं जातोय, आणि तेवढ्या वेळात बेसवरची पोरगी पुढचा बेस गाठते, याला बेस चोरणं म्हणतात. मैदानावर पोरी 'स्टील मारला' म्हणतात. मायनं हे ऐकलं आणि तिला आधी वाटलं, डब्यांबद्दलच बोलणं चाललंय. मग उलगडलं. "चोरी करायची अन वर टाळ्या घ्यायच्या? कोणती शाळा म्हणायची ही?" माय मूळची गंगाखेडची, जनाबाईच्या गावची. तिच्याकडं चोरीची गोष्ट तयारच असते. "जनीवर पदकाच्या चोरीचा आळ आला तर सुळावर द्यायला निघाले होते तिला. सुळाचं पाणी झालं म्हणून वाचली." धाकटी म्हणाली, "आजी, इथं सुळाचं पाणी होत नसतं. आधी सुटलं की आऊट."

हा 'आधी' म्हणजे नेमका किती आधी, यातच सगळा खेळ आहे. बेसबॉलमध्ये बेसवरचा खेळाडू पिच पडायच्या आधीच बेसपासून चार पावलं पुढं जाऊन उभा राहू शकतो. पिचर अचानक वळून त्या बेसवर चेंडू फेकून त्याला पकडू बघतो, हा उडी मारून परत येतो, असा उंदरामांजराचा खेळ तिथं चालतो. तिथं जागा आहे तेवढी. बेस ९० फुटांवर, पिचर ६० फूट ६ इंचांवर. सॉफ्टबॉलमध्ये ही सोय नाही. पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत पळणारीचा पाय बेसला लागलेलाच पाहिजे. बोटभर आधी उचलला तरी चेंडू डेड, पिच बाद, पोरगी आऊट. कुणी तिला चेंडू लावायची गरज नाही. माझा "हात तरी लावला का" हा प्रश्न किती भाबडा होता ते मला लिंबाकडं बघता बघता समजलं.

का असं, याचा मी माझ्यापुरता हिशेब केला. शाळकरी पोरीचा पिच ४३ फूट जायला अर्धा-पाऊण सेकंद. कॅचरनं तो धरून फेकेपर्यंत एक सेकंद. पुढं ८५ फूट चेंडू उडत जायला आणखी सेकंद-सव्वा. झाले पावणेतीन-तीन सेकंद. आणि चपळ पोरगी ६० फूट पळायला घेते तेही तीनाच्या आसपास. म्हणजे चोर आणि पोलीस एकाच वेळी दारात. यात दहा फूट आधीच खाल्ले तर कॅचरनं मुखवटा काढून घरी जावं. खेळात गंमत ठेवायची तर दोघींना एकाच क्षणी सोडायला हवं, आणि तो क्षण ठरवणारा हात तिसरीचा, पिचरचा.

या खेळाचा जन्मही बंद खोलीतला. १८८७ साली शिकागोच्या एका बोट क्लबात काही मंडळी फुटबॉलच्या निकालाची वाट बघत बसली होती. कुणीतरी मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला, कुणीतरी काठीनं तो टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या माणसानं तो मोजा चेंडूसारखा बांधून घेऊन घरातल्या घरात बेसबॉल मांडला. 'सॉफ्टबॉल' हे नाव बऱ्याच वर्षांनी, १९२६ साली, मिळालं. आमच्या फरशीवरचा डाव बघून हॅनकॉकला परकं वाटलं नसतं. चेंडू मात्र आता नावापुरताच मऊ. बारा इंच घेराचा तो गोळा मी एकदा हौसेनं उघड्या हातानं झेलला, दोन दिवस तिकिटं फाडताना... म्हणजे आता फाडत नाही, मशीनचं बटण दाबतो... तर दोन दिवस बटण दाबताना कळ येत होती.

हो, मी एसटीत कंडक्टर आहे. चोवीस वर्षं झाली. परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई हा रस्ता डोळे मिटून सांगता येईल. आणि म्हणूनच त्या रविवारी मला जास्त लाजल्यासारखं झालं. कारण सुटायचं कधी, यावर तर माझं पोट आहे. गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली तर प्रवासी कुरकुरतो. पाच मिनिटं आधी सुटली तर तो स्टँडवरच राहतो, हातात पिशवी घेऊन, धूळ खात. उशिराला क्षमा आहे, आधीला नाही. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. माझे जोडीदार ड्रायव्हर इंजिन गुरगुरत ठेवतात, पाय क्लचवर, पण मी दोनदा दोरी ओढेपर्यंत चाक हलत नाही. एखादी म्हातारी पायरीवर एक पाय ठेवून कुणाला तरी निरोप सांगत असते, "पोरीला म्हणावं पंचमीला ये", आणि ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघत असतात. मी तिच्या दुसऱ्या पायाकडं बघत असतो. चोवीस वर्षं दुसऱ्याच्या पायाकडं बघणारा माणूस मी, आणि पोटच्या पोरीचा पाय मला दिसला नाही.

"पण तू सुटलीस कशी आधी?" मी विचारलं. तिनं काड्यापेटी झाकणावर उभी केली. चोरायला निघालेली पोरगी कशी उभी राहते ते आधी सांगितलं. एक पाय बेसच्या पुढच्या कडेला, दुसरा मागं, धड पुढं झुकलेलं. पिचरचा हात रहाटासारखा खालून वर, वरून खाली असा पूर्ण फिरतो आणि चेंडू सुटतो तो कमरेजवळ. हात खाली यायला लागला की आपण मागच्या पायावरून पुढं झुलायचं, म्हणजे चेंडू सुटतो त्याच वेळी आपला पाय सुटतो. झुलायची मुभा आहे, पाय उचलायची नाही. "त्या दिवशी मी हात बघतच नव्हते, पप्पा. मोजत होते. तिनं दोन्ही हात जुळवले की एक, दोन, तीन, आणि सुटायचं. सगळ्या मॅचमधे तिचं तेच माप होतं. शेवटच्या पिचला ती हात जुळवून जरा जास्त उभी राहिली."

बस, एवढंच. समोरच्या पोरीनं एक श्वास जास्त घेतला.

मला ते ऐकून तिच्याबद्दल वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं, हे तिला सांगितलं नाही. चूक नेमकी कुठं झाली ते तिला ठाऊक होतं. मला माझी सांगायला चोवीस तास लागले.

पुढच्या तासाला पोळपाट परत गेला आणि त्याच्या जागी परात आली. फोर्सआऊट मला मात्र तिनं सांगायच्या आधीच उमगलं, आणि त्याचं श्रेय एसटीला. एका बेसवर एकच पोरगी राहू शकते. बॅटवालीनं चेंडू जमिनीलगत मारला की ती पहिल्या बेसकडं पळणारच. मग पहिल्यावर जी आधीच उभी आहे तिला जागा खाली करावी लागते, ती दुसऱ्यावर, दुसऱ्यावरची तिसऱ्यावर. मी रोज दोनशे वेळा ओरडतो तेच: पुढं सरका, पुढं सरका, दारात गर्दी करू नका. जिला असं मागच्या रेट्यानं सरकावं लागतं तिला आऊट करायला अंगाला चेंडू लावावा लागत नाही. तिच्या पुढच्या बेसवर चेंडू हातात धरून पाय ठेवला की झालं. पण मधे सीट रिकामी असेल, म्हणजे दुसऱ्यावर पोरगी आहे आणि पहिला बेस मोकळा, तर तिच्यावर कुणाचा रेटा नाही. ती पुढं गेली तर स्वतःच्या मर्जीनं गेली, आणि मग तिला चेंडू लावूनच बाद करावं लागतं. धाकटी माझ्याकडं बघत राहिली. "सरांनी आम्हाला आठवडाभर समजावलं हे."

पहिल्या बेसचं आणखी एक कौतुक आहे. तिथं दोन बेस शेजारी शेजारी, पांढरा आणि नारिंगी. पांढऱ्यावर झेलणारीनं पाय ठेवायचा, नारिंगीवर धावत येणारीनं, म्हणजे दोघींची टक्कर नको. आणि फक्त तिथंच, बॅट टाकून पळत आलेल्या पोरीला वेगात बेस ओलांडून पुढं जाता येतं. दुसऱ्या बेसकडं जायचा इरादा दाखवला नाही तर परत येईपर्यंत तिला कुणी आऊट करत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर ही माया नाही. तिथं थांबता आलं पाहिजे, म्हणून तर पोरी घसरतात.

झेलाच्या नियमाला लिंबाचा उपयोग झाला. चेंडू हवेत उडाला आणि झेलला गेला तर पळणारीला आपल्या बेसवर पाय ठेवून मगच निघायचं असतं. ती आधीच निघालेली असेल तर परत यायचं, बेसला शिवायचं. मी म्हणालो, म्हणजे झेल पक्का झाला की सुटायचं. "नाही," ती म्हणाली, "चेंडू हाताला पहिल्यांदा लागला की सुटायचं." तिनं लिंबू वर फेकलं आणि मुद्दाम तळहातावर उडवत उडवत धरलं. झेल पक्का व्हायची वाट बघावी लागली असती तर मागं झेलणारी पोरगी चेंडू हातावर नाचवत नाचवत पुढं धावत आली असती, आणि पळणारी बिचारी बेसवरच खिळून. नियम करणाऱ्यानं माणसाची लबाडी किती दूरवर ओळखली होती! तिसऱ्या फेकीला लिंबू भाजीत पडलं आणि शिकवणी तात्पुरती बंद झाली.

खरं सांगायचं तर बाकीचे नियम मी ऐकले आणि सोडून दिले. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला तर बॅटवाली पहिल्या बेसकडं पळू शकते, त्याला पहिला बेस मोकळा आहे का, आऊट किती झालेत, अशा अटी आहेत. त्या अजूनही मला विचारू नका. पण एक नियम माझ्या मनात घर करून बसला. त्याला लुकबॅक म्हणतात.

पिचरच्या भोवती आठ फूट त्रिज्येचं वर्तुळ फक्कीनं आखलेलं असतं. त्या चेंडूवरची पळापळ संपून चेंडू तिच्या हातात आला आणि ती त्या वर्तुळात उभी राहिली, की बेस सोडून उभ्या असलेल्या पोरीनं रेंगाळायचं नाही. पुढं जायचं तर ताबडतोब पुढं, मागं यायचं तर ताबडतोब मागं. पळता पळता एकदा थांबून बघायला हरकत नाही, पण बघून झालं की निर्णय झाला पाहिजे. इकडं एक पाऊल, तिकडं एक पाऊल, पिचरला खिजवणं, हे चालत नाही, आऊट. बेसवर परत आलं की पुन्हा सुटायचं नाही, पुढचा पिच हातातून सुटेपर्यंत. मात्र पिचरनं कुणाला आऊट करायला चेंडू फेकला, नुसता फेकल्याचा आव जरी आणला, तरी बंधन सुटलं. मग पळा.

मी शाळेत खो-खो खेळलो आहे. आमच्या भागात तो खेळ पोरांच्या पायातच असतो. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या डेपोत पेढे वाटण्याचं खरं म्हणजे काही कारण नव्हतं, तरी वाटले होते. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत ती सोडायची नाही. वळता येत नाही. पळणारा मात्र कसाही वळतो, दोघांच्या मधून निसटतो. आमच्या खेळात दिशेचं बंधन पकडणाऱ्याला, सॉफ्टबॉलमध्ये ते पळणारीला. चोराला म्हणायचं, चोरी कर, पण मनात दोन गोष्टी ठेवून उंबऱ्यात उभी राहू नकोस. मला हे फार पसंत पडलं. गाडी सुटताना एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर ठेवून "थांबा हो, येतोच" म्हणणाऱ्या माणसांना हा नियम लावता आला असता तर माझे केस एवढे पिकले नसते.

मायला मी तो समजावून सांगितला. तिनं वात वळता वळता विचारलं, "मंग त्या पिचरनं चेंडू हातातच धरून ठेवला तर?" 

"तर काही नाही. सगळ्या उभ्या."

"अन फेकला तर?"

"तर पळायचं."

"म्हंजे समदं तिच्या हातावर हाय," माय म्हणाली आणि पुढची वात घेतली. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला जे दोन प्रश्नांत समजलं त्यासाठी मी दोरी ओलांडली होती.

जानेवारीत पुढची मॅच झाली. सुट्टी मिळत नव्हती, एकाशी ड्युटी बदलून घेतली. मैदान आपल्याकडचं असतं तसंच: खाली काळी माती, उन्हानं तडकलेली, वर बेसच्या आसपास मुरूम पसरलेला. पावसाळ्यात याच जागेवर चपलेला किलोभर चिखल येतो, आणि कोरड्यात पडलं की खरवडल्यासारखी कातडी निघते. मी या वेळी पंचाच्या जवळची जागा धरली नाही. पहिल्या बेसच्या बाजूला, कडुनिंबाखाली, शेंगा विकणाऱ्याच्या शेजारी उभा राहिलो. तिथून पिचर समोरासमोर दिसत होती.

दोन आऊट, धाकटी तिसऱ्या बेसवर. पुन्हा तेच. बॅटवाल्या पोरीला चार चेंडू बाहेर पडून फुकट पहिला बेस मिळाला. ती जॉगिंग केल्यासारखी पहिल्या बेसकडं निघाली. कॅचरनं चेंडू पिचरला दिला, पिचर वर्तुळात. मला वाटलं, आता सगळं थंड. पण ती पोरगी पहिल्या बेसवर थांबलीच नाही. बेसला पाय लावला आणि वेग न मोडता तशीच दुसऱ्याकडं सुटली. थांबली नाही म्हणजे लुकबॅकचं काही मोडलं नाही. हे त्यांच्या सरांनी घोटून घेतलेलं होतं, नंतर समजलं.

आता पिचरची पंचाईत. दुसऱ्या बेसवर फेकावं तर ही सहज आऊट होईल, डाव संपेल. पण फेकला की तिसऱ्यावरची मोकळी. न फेकावं तर ही फुकटात दुसऱ्यावर. पिचरनं एकदा दुसऱ्या बेसकडं बघितलं, एकदा धाकटीकडं. धाकटी बेसवर. पाय पुढच्या कडेला, धड झुकलेलं, हलत नाही. शेंगावाल्याची कढईतली सराट्याची खरखरसुद्धा थांबली असं मला वाटलं, थांबली नसेल. मी पिचरच्या मनगटाकडं बघत होतो. गोरीपान पोरगी, हातात लाल-काळा दोरा बांधलेला, नखांना चुना लागलेला. तिचा अंगठा चेंडूच्या शिवणीवर एकदा सरकला. मग कोपर मागं गेलं. मी मनात म्हणत होतो, अजून नाही, अजून नाही, अजून हातात आहे. कोपर पुढं आलं, बोटं उघडली, आणि माझा उजवा हात आपोआप डोक्याच्या वर गेला, दोरी ओढायला. दोनदा.

गलका झाला. धूळ उठली. मी अजून त्या पोरीच्या रिकाम्या हाताकडंच बघत होतो.

"काय झालं?" मी शेंगावाल्याला विचारलं.

"सेफ की! केवढी घसरली होमवर." त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. "तुमचीच ना ती?"

संध्याकाळी माय धाकटीच्या गुडघ्यातले मुरमाचे खडे सुईच्या टोकानं काढत होती, शेजारी वाटीत हळद. धाकटी ओठ दाबून बसली होती. मांडीच्या बाजूला तळहाताएवढी जागा लाल झालेली. तिच्या आईनं ती बघितली आणि मला विचारलं, एवढी कशी पडली, कुठं पडली, डोकं आपटलं का, कुणी उचललं. मी म्हणालो, ते मी बघितलं नाही.

"बघितलं नाही म्हणजे? तिथंच होतात ना?"

"होतो. मी त्या पिचरच्या हाताकडं बघत होतो."

तिनं हातातलं लाटणं पोळपाटावर ठेवलं. "पोटची पोरगी पडली अन तुम्ही दुसरीच्या हाताकडं बघायलात?"

मायनं सुई थांबवून धाकटीकडं बघितलं. दोघी हसायला लागल्या.